दिवाणखान्यातली खडी

बेलापूरजवळच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागले, तेव्हा तेवीस वर्षांची होते. तिथल्या मोठ्या ऊस बागायतदाराची बायको चित्रं विकत घेते, हे मला इतर शिक्षकांनी हसत हसत सांगितलं होतं. त्यांना सगळे वहिनी म्हणत. शिक्षण चौथीपर्यंत. यजमान साखर कारखान्याच्या कामाला मुंबईला निघाले की त्याही गाडीत बसायच्या आणि ते बैठकीत असताना एकट्या प्रदर्शनं बघत फिरायच्या. परतताना डिकीत एखादं चित्र असायचं, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं.

स्नेहसंमेलनात मी माझी चित्रं मांडली होती. वहिनी प्रत्येक चित्रापुढे उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी चहाचं बोलावणं आलं.

धान्याच्या कोठीला लागून एक खोली होती. त्यांनी खिडकी उघडली आणि मी दारातच थबकले. शिकत असताना ज्यांची फक्त नावं ऐकली होती, त्या चित्रकारांची चित्रं इथं गव्हाच्या वासात टांगलेली होती.

"मला यातलं काय कळत न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "पन दुपारी इथं येऊन बसते. सासूबाई म्हनायच्या, एवढ्यात चार पाटल्या झाल्या असत्या."

मग दर शनिवारी शाळा सुटली की मी तिकडे जाऊ लागले.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे कालव्यामुळे ऊस तरी उभा होता. वहिनींचं माहेर कर्जतकडचं. तिथल्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या. एका सकाळी त्या जीप घेऊन माझ्या दारात आल्या.

"कागद-पेन्सिल घ्या. माझ्या माहेराला चला."

तिथं रस्त्याच्या दुष्काळी कामावर बायका खडी फोडत बसल्या होत्या. त्यातल्या एकीला वहिनींनी धुळीसकट मिठी मारली. लहानपणची मैत्रीण. दोन दिवस मी रेखाटत होते आणि वहिनी त्या मैत्रिणीशेजारी खडीवर बसून होत्या.

त्यावरून मी माझं पहिलं मोठं तैलचित्र केलं. पाच बायका आणि खडीचे ढीग. वहिनींनी ते कोठीजवळच्या खोलीत नेलं नाही, दिवाणखान्यात कोचासमोर लावायला सांगितलं. मी स्टुलावर चढून दोरी बांधत असतानाच यजमान आले.

"हे इथं कशाला? चार मोठी माणसं येतात इथं."

"म्हनून तर."

"आतल्या खोलीत लावा."

"आत मीच बघनार. मला ठाऊक हाय ते," वहिनी म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "ज्यांनी बघायचं, ती मानसं इथं बसत्यात."

ते निघून गेले. मला वाटलं, आता चित्र उतरणार. पुढच्या शनिवारी ते तिथंच होतं, आणि कुणीतरी दोरी काढून पक्की तार लावली होती.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. दिवाळीत ती मैत्रीण वहिनींकडे आली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"हातोडी लई ल्हान काढलीय," ती म्हणाली. "एवढीशीनं खडी फुटती व्हय?"

सगळे हसले, यजमानसुद्धा. तिनं हाताची वीत धरून माप दाखवलं. रविवारी रंग घेऊन गेले, तर दिवाणखान्यात कारखान्याची मंडळी बसलेली. मी परत फिरणार, तेवढ्यात यजमानच म्हणाले, "जरा सरकून बसा, बाईंना हातोडी मोठी करायचीय."

पुढे वहिनींनी माझी आणखी चित्रं घेतली. माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या वडिलांना समजावून त्यांना पुण्याला चित्रकला शिकायला धाडलं. तेवढं धाडस मला एकटीला झालं नसतं.

वहिनी गेल्यावर चित्रं त्यांच्या मुलांमध्ये वाटली गेली. खडीचं चित्र धाकट्या सुनेनं मागून घेतलं. मध्यंतरी मी तिच्याकडे गेले होते. रंग थोडे पिवळे पडलेत. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. पहिला चहा गार झाला तसा तिनं दुसरा केला, पण एकदाही मला हाक मारली नाही.