आरशातला पाय

काडीला काडी म्हणायचे ते अंगकाठीमुळे, आणि हातात सदा पेन्सिल असायची म्हणूनही. आईबापामागे आत्यानं तिला वाढवलं. आत्या पडदे शिवायची. लहानपणापासून डाव्या पायानं अधू. पण उजव्या पायानं मशीन असं पळवायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईला चार पाय आहेत.

काडी कॉलेजात चित्रं हलवायला शिकत होती. चौघांनी मिळून छोटीशी फिल्म करायला घेतलेली. एक म्हातारी हरवलेली बादली शोधत हिंडते, एवढीच गोष्ट. म्हातारीला चालवायचं काम काडीकडे. सोळा चित्रं काढायची, दरेकात पाऊल थोडं पुढं. ती भराभर उलटली की बाई चालू लागते. पण काडीची म्हातारी चालेचना. चाकं लावल्यासारखी नुसती घसरायची. टीमचा म्होरक्या दाढी. दाढीत केस मोजून पंधरा, पण रुबाब मोठा. तो म्हणाला, "सोमवारपर्यंत चालली नाही, तर बसवून टाकू तिला खुर्चीत."

मग काडीनं खोलीचं दार लावलं, कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली आणि आत्यासारखं लंगडून बघितलं. दोन पावलं चालायची, एक चित्र काढायची. खांदा जरा जास्तच पाडला, मुंडी जरा जास्तच हलवली. पलीकडे आत्याचं मशीन थांबलं की हीही थांबायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सोमवारी ती चाल कॉलेजच्या हॉलच्या भिंतीवर लावली आणि पोरं पोट धरधरून हसली. नेमकी त्याच वेळी आत्या तिथं स्टुलावर उभी. हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे हवे होते, ते काम काडीनंच तिला मिळवून दिलं होतं. फक्त आत्या आपली कोण, हे सांगायचं टाळलं होतं.

"काडे, ही चाल आणलीस कुठून गं?" दाढीनं विचारलं.

"सुचली अशीच."

"आणि या बाई तुझ्याकडे का बघतायत? ओळखीच्या आहेत?"

"पडदेवाल्या आहेत त्या," काडी म्हणाली.

आत्याच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे तिला काही बोलायचं असतं तरी बोलता आलं नसतं. तिनं खाली उतरून उरलेल्या टाचण्या एकेक करून पडद्याच्या खालच्या काठाला लावल्या, स्टूल जागेवर ठेवलं आणि निघाली. फरशीवर पावलं वाजत गेली, एक जड, एक हलकं. पोरांच्या ध्यानातही आलं नाही. काडीच्या मात्र कानांच्या पाळ्या पेटल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण धरणीला तेवढीच कामं थोडी असतात?

संध्याकाळी आत्यानं नेहमीसारखं ताट वाढलं. काडी भात नुसता चिवडत बसली.

"पाय चुकलाय तुझा," आत्या म्हणाली.

"अं?"

"तुझी म्हातारी उजव्या पायानं लंगडते. माझा डावा आहे. आरशात बघून काढलंस होय?"

काडीनं मान खाली घातली.

"मला बघून काढायचं. मी काय मेले होते? पलीकडच्या खोलीत तर होते."

"आत्या, मी तिथं तुला…"

"जेव आधी. रडून भात खारट करू नकोस, मीठ घातलंय मी."

ताटं उचलल्यावर आत्यानं चार टाचण्या ओठांत धरल्या आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. काडी बघत राहिली. आत्याचं डोकं हलतच नव्हतं! टाचण्या तोंडात घेऊन वावरणारी बाई हिसका कशी देईल? पाय खाली-वर, अन् वर मान अशी की डोक्यावर भरला हंडा ठेवावा. वळताना ती दाराच्या चौकटीला हात लावायची. तिथं रंग जाऊन लाकूड गुळगुळीत झालं होतं. इतकी वर्षं काडी त्याच दारातून ये-जा करत होती.

तिनं सोळाच्या सोळा चित्रं फाडली आणि नव्यानं काढायला बसली.

दुसऱ्या दिवशी दाढीनं नवी चाल दोनदा बघितली. "आता हसू येत नाही गं. पहिलीच बरी होती. पाय बदलायचा असेल तर कॉम्प्युटरवर उलटी करून टाकू, मिनिटाचं काम."

"पहिली माझी खोटी होती. ही माझ्या आत्याची आहे." काडीचा आवाज चिरकला. "काल पडदे लावत होती ना, ती."

"पण तू तर म्हणालीस…"

"म्हणाले."

दाढीनं उगाच दाढी खाजवली आणि खिडकीकडे बघितलं. पडद्याच्या खालच्या काठाला टाचण्या तशाच होत्या. आत्या टीप घालायचं सोडून निघून गेली होती. काडी सुईदोरा घेऊन खाली बसली आणि टाका घालत एकेक टाचणी काढून आपल्या ओठांत धरू लागली.