झाकलेली बरणी

अमरावतीच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायची, तेव्हा शेजारच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत तिथले सर असत. मुंबईहून मागवलेले समुद्रातले गांडुळासारखे किडे ते खाऱ्या पाण्याच्या बरण्यांत पाळत आणि त्यांच्याशी हळू आवाजात बोलत. माणसांशी बोलताना मात्र त्यांची नजर जमिनीवर असे.

मला सातवा महिना लागला, तसे ते मी आत गेले की एका बरणीवर घाईनं टॉवेल टाकू लागले.

“सर, का झाकता?”

“तुमी आत्ता नका पाहू, बाई.”

मी टॉवेल उचलला. आत मुंडकं नसलेली एक मादी होती. हिरवट अंड्यांनी तट्ट फुगलेलं तिचं अंग संथ वळवळत होतं.

“डोक्यातला एक रस अंडी पिकू देत नाही,” ते म्हणाले. “मी डोकं कापलं, म्हणून लवकर पिकली.”

“आणि आता?”

“अंडी सोडंन अन् मरंन. डोकं असतं तरी तेच झालं असतं, जरा उशिरा.”

माझा हात पोटावर गेला. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

“बाळंतपणाले आई येऊन राहिली ना तुमची?”

माझी आई माझ्याच जन्माच्या वेळी गेली होती. तरी मी “हो” म्हणाले.