झोपेत जेवणारा उंदीर

उंदीर दिवसा झोपतात, हे एक बरं आहे. रात्री झोपणारे असते तर मी ज्या दिवशी जिन्यातून ओरडत खाली धावले, त्या दिवशी ऐकायला कॉलेजात कुणी नसतं. भर दुपारची वेळ, अंगात एप्रन, हातात मोजे, आणि मी ओरडतेय, "मॅडम, तो जेवतोय! झोपेत जेवतोय!" शिपायाच्या हातातला चहा सांडला. सांडू दे म्हटलं.

मेंदू जिथे मानेत उतरतो, त्या भागाला आम्ही मेंदूचा देठ म्हणतो. स्वप्न पडत असताना मेंदू जवळजवळ जागा असल्यासारखा चालतो, अंग मात्र लुळं पडलेलं असतं. देठातला एक कणभर भाग तेवढ्यापुरतं अंगाला कुलूप लावतो, म्हणून आपण स्वप्नात धावतो आणि गादीवरच राहतो. भूल देऊन उंदराच्या देठातला तो कण निकामी करायचा आणि मग त्याच्या झोपेचं काय होतं ते पाहायचं, हे माझं पीएचडीचं काम. उंदराच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी पकडणाऱ्या बारीक तारा, मानेत स्नायूंची एक तार, आणि शेजारच्या खोलीत पडद्यावर सरकणाऱ्या दोन रेघा.

पीएचडी व्हायला हवी होतीच. पण खरं सांगायचं तर उत्तर मला आप्पांसाठी हवं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील, नामपूरच्या बाजारात कांद्याचे व्यापारी. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर फिरायचं, ओंजळभर कांदा उचलून पारखायचा आणि हात वर करून बोली लावायची, यात त्यांचा जन्म गेला. अलीकडे ते झोपेतही लिलावाला जायला लागले. ओंजळ भरायचे, झटकायचे, हात उंच फेकायचे. एकदा तो हात शेजारी झोपलेल्या आईच्या डोळ्याखाली बसला. सकाळी आई काळानिळा गाल घेऊन हसतच म्हणाली, "इतला वरीसना राग निंघी राह्यना!"

आई विसरूनही गेली. आप्पांनी ते मनाला लावून घेतलं. जागेपणी घरात कधी आवाज न चढवलेला माणूस, पण आपल्या पोटात बायकोबद्दल विष आहे अशी त्यांची खात्रीच पटली. त्यांनी खाट दुसऱ्या खोलीत टाकली, आणि झोपताना मनगट उपरण्यानं खाटेला बांधून घ्यायला लागले. डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या सुरू झाल्या, पुढच्या तपासण्या ठरल्या. आजाराला नाव आहे हेही माझं दहादा सांगून झालं. त्यांचं एकच पालुपद, "नाव कैन बी ऱ्हावो, हात ते मन्हाच शे ना?" हात त्यांचा म्हणून रागही त्यांचाच! मला असा संताप यायचा! आणि ते बांधलेलं मनगट आठवलं की रडू यायचं.

इकडे उंदीरही दाद देईना. आमच्याकडची रीत अशी, की रेघा वाचणाऱ्यानं उंदराकडे पाहायचं नाही, नाहीतर मनातले मांडे रेघांतही दिसायला लागतात. लहरी जलद आणि मान हलतेय, तर लिहायचं 'जागा'. या उंदराचं बघावं तेव्हा तेच. स्वप्नांची झोप म्हणून नाहीच. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अगं, याची स्वप्नंच उडाली. कुलूप काय तपासणार तू? विषय बदलू या."

मी हिरमुसून पाण्याची बाटली बदलायला आत गेले. रेघांनी तर तो जागा ठरवलेला. आणि हा पठ्ठ्या आडवा, डोळे गच्च मिटलेले, पुढचे दोन्ही पंजे तोंडाशी! नसलेला दाणा गोल गोल फिरवत होता, नसलेला दाणा कुरतडत होता.

मॅडम धापा टाकत वर आल्या. मी काचेवर हलकेच टिचकी मारली, तर ढिम्म. मॅडमनी पडद्यावरची लहर वाढवून पाहिली. जलद खरी, पण स्वप्नांच्या झोपेत असते तशी एकसारख्या तालातली. म्हणजे तो झोपेतच हलत होता. कुलूप आम्हीच तोडलं होतं आणि दार हललं की 'घरातले जागे आहेत' असं लिहीत बसलो होतो!

तेवढ्यात उंदीर जागा झाला. त्यानं पंजे हुंगले, खालचा भुसा उकरून पाहिला, पुन्हा पंजे हुंगले.

"बिचाऱ्याचं ताट पळवलं गं कुणीतरी," मॅडम म्हणाल्या आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मॅडमची परवानगी घेऊन मी व्हिडिओ मोबाइलवर घेतला आणि शनिवारी एसटीनं नामपूर गाठलं. आप्पांनी चष्मा लावून तो पाहिला. पुन्हा पाहिला.

"झोपेल शे?"

मी म्हटलं, गाढ झोपलाय.

मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "याले कोनावर राग शे?"

कुणावरच नाही, आप्पा, म्हटलं, तो जेवतोय. त्याच्या मेंदूतलं कुलूप मोडलंय, एवढंच. तुमचंही तेच. तुम्ही कांदा पारखताय.

आप्पा उठले आणि खाटेला बांधलेलं उपरणं सोडायला बसले. गाठ रोजच्या ओढीनं आवळली होती, त्यांच्या बोटांनी सुटेना. आई पदराला हात पुसत आली, आणि तिनं ती दातांनी सोडवली.

त्या रात्री तिनं स्वतःची गादी पुन्हा त्यांच्या खोलीत घातली. शेजारी, पण हात पोहोचणार नाही इतकी लांब.

"लिलाव चालू व्हयना का मी तुमले उठाडसू," ती म्हणाली.