दगडी पाल्याची परीक्षा

हेमलताबाई पाच मिनिटं एका जागी बसलेल्या मी बारा वर्षांत पाहिलेल्या नाहीत. बेंगळुरूतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघंही तंत्रज्ञ. त्यांच्या येरझारांनी माझं डोकं उठतं.

गेल्या वर्षी त्यांचे वडील गेले. मधुमेह होता, तळपायाची जखम चिघळली, आणि आनेकलला राहणारी आई दवाखाना सोडून दगडी पाल्याचा रसच लावत राहिली. आईला कुणी बोललं नाही, पण तिचं जेवण सुटलं. पाला खरंच जंतू मारतो, एवढं एकदा आईला दाखवायचं, हेच बाईंच्या डोक्यात घोळत होतं.

पानं सुकवायची, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा आणि मिथेनॉल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबायचं. पण थांबणं आणि हेमलताबाई! ओलसर अर्कच त्यांनी जंतू पसरलेल्या बशीतल्या जेलीत पाडलेल्या भोकात भरला. तुलनेच्या भोकात नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी अर्काभोवती जंतू न वाढल्याचं स्वच्छ कडं दिसलं. ते मोजायच्या आधीच त्यांनी आईला फोन लावला. पेढे मीही खाल्ले, खोटं कशाला बोलू.

आठवड्याने आमच्या विभागप्रमुख प्रियदर्शनी मॅडमनी एकच विचारलं, नुसतं मिथेनॉल घालून पाहिलं का? पाहिलं नव्हतं. बाईंनी पुन्हा बशा लावल्या. नुसत्या मिथेनॉलभोवती तेवढंच कडं आलं, आणि पूर्ण सुकवलेल्या अर्काच्या भोकाला तर जंतू अगदी चिकटून वाढले होते. मला बाईंचा राग आला आणि कीवही आली.

आईला काही सांगू नका, ती आत्ता कुठे जेवायला लागलीय, असं मीच म्हटलं. त्यांनाही ते पटलं.

दोन दिवसांनी आम्ही बशा धूत असताना आईचा फोन आला. बाईंचे हात साबणाचे, म्हणून फोन स्पीकरवर. आई खुशीत होती. शेजारच्या शिवाप्पांच्या पायाला जखम झाली होती, त्यांनाही मधुमेह. ते दवाखान्यात निघाले होते, पण तिने थांबवलं. चार दिवस पालाच लावत होती.

बाईंनी नळ बंद केला.

"आई, त्यांना आत्ताच दवाखान्यात पाठव. माझी तपासणी चुकली होती. पाल्याने जंतू मेले नव्हते."

"सरी, बरं, धाडते," आई म्हणाली. "मग ह्यांनाही धाडायला पाहिजे होतं की गं मी."