शेवटची खुंटी

काळजी करायला काहीतरी कारण लागतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही झाडूवाल्या मावशीला भेटलेला नाहीत. लेक शाळेतून पाच मिनिटं उशिरा आली की ही अर्ध्या गल्लीला कामाला लावायची. लेक मोठी झाली, नाटकात कामं करू लागली, तरी दिवसाला सहा फोन. "जेवलीस का? जिन्याला कठडा आहे ना? उघड्या वायरींपासून लांब राहा गं बाई." नाटकमंडळींनी मावशीचं नाव 'धोक्याची घंटा' ठेवलं होतं, आणि लेकही त्यांच्यासोबत खुशाल हसायची.

चाळीस वर्षं मावशी एका अरुंद खोलीत दांड्याचे झाडू बांधत होती. काड्या भिजवायच्या, मूठमूठ घेऊन जुडी करायची, जुडीत दांडा घुसवायचा आणि वरून तार आवळायची. मग जुडी आणि दांडा यांच्या आरपार एक भोक, आणि त्या भोकात वीतभर लाकडी खुंटी. ती एकदा बसली की दांडा जन्मात निघत नाही. पण खुंटी मावशी स्वतः कधीच ठोकायची नाही. कागदात गुंडाळून दांड्याला बांधायची आणि गिऱ्हाइकाला बजावायची, "घरी गेल्यावर तीन ठोके द्या, बरं का!"

ही तिच्या आईची शिकवण. आई सांगायची, पहिला झाडू बांधला एका बाईने, वादळात मोडून पडलेल्या फांद्यांचा. काड्यांतला वारा काही निघाला नव्हता, म्हणून झाडू सारखा दाराकडे ओढ घ्यायचा. बाई वैतागून त्याच्यावर बसली, तर तो तिला घेऊन उडालाच! वाटेत खुंटी निसटून खाली पडली. ज्या पोरीला ती सापडली, तिने ती मडक्याकडे रोखली आणि मडकं नाचायला लागलं. तीच पहिली जादूची कांडी. कांडी आणि झाडू ही अशी सख्खी भावंडं. "आणि वरच्या बाईचं काय झालं?" लहानपणी मावशीने विचारलं होतं. "काय व्हायचं? खुंटीवाचून झाडू कुठला टिकतोय? आपटली." तेव्हापासून म्हणे रीत पडली, की खुंटी ज्याने ठोकली त्याचा झाडू. बांधणाऱ्यानेच ठोकली, तर झाडू जगभर फिरून त्याच्याच दारात परत येतो. मग धंदा करायचा कसा?

लेकीला बालनाट्यात चेटकिणीचं काम मिळालं. मध्यंतरानंतर झाडूवर बसून वीस फूट वर जायचं. तालमी साध्या फळीवर झाल्या, पण प्रयोगाला खराखुरा झाडू हवा असं दिग्दर्शकाने ठरवलं. मावशीने चार रात्री झोप न घेता तो बांधला. प्रयोगाच्या दिवशी सकाळी लेक स्वतः न्यायला आली. "कंबरेला पट्टा आहे का?" "आहे गं, दांड्याला अडकवलेला." "वर ओढणारी तार जाड आहे ना?" "आई, पुरे!" प्रश्न विचारता विचारता चाळीस वर्षांत कधी न चुकलेलं वाक्य नेमकं त्याच दिवशी राहून गेलं.

दुपारी मावशी तिसऱ्या रांगेत बसली. पडदा वर गेला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, चेटकीण आली आणि तिने कांडी फिरवली. मावशीला आधी नुसतंच छान वाटलं. मग तिला कांडीच्या टोकाची काळी रेघ दिसली. ती रेघ तापल्या सळईने तिनेच ओढलेली होती. प्रत्येक खुंटीवर ती ओढायची.

गोष्टीतल्यासारखी आईने झाडूसोबत कांडीच बांधून दिली, असं पोरीला वाटलं असणार. खुंटी तिच्या हातात, म्हणजे झाडूत नुसतं भोक! वर उचलणारी मागची तार जुडीला, पुढची दांड्याला, आणि पोर बसणार त्या दोन्हींच्या मध्ये. वजन पडलं की दांडा सुरीसारखा बाहेर सरकणार. पट्टाही दांड्यालाच.

मध्यंतराची घंटा झाली तशी ती विंगेच्या दाराकडे धावली. दरवान हसला. "मावशी, आज काय? जिना का वायर?" "बाजूला हो रे मेल्या!" ती ओरडली आणि त्याच्या हाताखालून आत घुसली.

लेक झाडूवर बसलेली होती. दोन्ही तारांचे हूक लागले होते आणि दोरखंडाशी माणूस तयार उभा होता.

"उतर," मावशी म्हणाली.

"आई, आत्ता नको. सगळे बघताहेत."

"बघू देत. या वेळी काळजी नाही, चूक आहे. माझी चूक आहे." तिने कांडीकडे बोट दाखवलं. "तुझ्या हातात आहे ती कांडी नाही गं. ती या झाडूची खुंटी आहे. मी सांगायचं विसरले."

कुणी हसलं नाही. लेकीने हातातलं लाकूड फिरवून टोकाची रेघ पाहिली आणि ती उतरली. दोरखंडवाल्याने जुडी धरून दांडा ओढला. काही जोर न लागता तो अलगद त्याच्या हातात आला.

"मारलं असतं मी तुला," मावशी म्हणाली. मग तिने स्वतःच दांडा जुडीत परत घुसवला, भोकाशी भोक जुळवलं, खुंटी लावली आणि तिथल्या सुताराची हातोडी उचलली. सगळ्या जन्माची रीत बाजूला ठेवून तीन ठोके आपणच घालावेत, म्हणजे झाडू पोरीला घेऊन घरी येईल, असं तिला वाटलं. नाटकाचा दौरा दुसऱ्या दिवशी निघायचा होता, वर्षभराचा. तरी तिने हातोडी लेकीपुढे धरली.

लेकीने एक ठोका घातला, दुसरा घातला. बाहेर पोरांना वाटलं नाटकच सुरू झालं, त्यांनी टाळ्या पिटल्या. मग तिने हातोडी आईच्या हातात दिली.

"तिसरा तू घाल."

"वेडी आहेस का? मग तो माझ्याच दारात परत येईल."

"माहितीये," लेक म्हणाली. "घाल ना, आई."

मावशीने डोळे पुसले आणि सारा जोर लावून तिसरा ठोका घातला.