चांगला निघालेला पाइप

गाडीखालून काढलेला ब्रेकचा जुना पाइप मिस्त्रीने वाकवून पाहिला. "साहेब, चांगला आहे की हा! उगाच बदलायला लावलात."

नवा पाइप बसवला की आत अडकलेली हवा काढावी लागते. मी पेडल दाबत होतो, तो खालून हवा सोडत होता. थोडी जरी राहिली तरी पेडल पोकळ लागतं. सहा महिने मला माझंच बोलणं तसं लागत होतं.

सहा महिन्यांपूर्वी याच गाडीच्या अपघातात बायकोचा गुडघा गेला; गाडी तेव्हापासून उभीच होती. ब्रेक लागलाच नाही, असं मी सांगितलं. सर्व्हिसिंग तिनेच पुढे ढकलायला लावलं होतं, म्हणून ती स्वतःला दोष देत राहिली. मी देऊ दिला.

शेजारच्या सीटवर ती बसली होती. म्हणालो, "ब्रेक ठीक होता गं. मला डुलकी लागली होती."

"आणि मी त्या सर्व्हिसिंगच्या नावाने रडत बसले," ती म्हणाली. मग दार उघडून, लंगडत, रिक्षा बघायला गेली.