दुसरी भुवई

पार्लरमधल्या नव्या रूपालीची गिऱ्हाइकावर थ्रेडिंग करायची आज पहिलीच वेळ होती, आणि ते गिऱ्हाईक मी होते. दोरा दातांत धरून ती माझ्या भुवईवर वाकली. मालकीण शोभा शेजारीच हात ओढणीत गुंडाळून उभी होती. ओढणीच्या आत तिची बोटं चुळबुळत होती. तेवढ्यात माझ्या भुवईचं टोक उडालं.

"मॅडम, तुम्हीच करा ना," रूपालीने रडवेल्या आवाजात दोरा पुढे केला.

शोभाने ओढणीतून हात काढले नाहीत. "मला काय देतेस? या ताईंना विचार, दुसरी करू का."

दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेऊन उरकणं सोपं असतं. आपण त्याला मदत म्हणतो, आणि समोरचा शिकाऊच राहतो.

"भुवई उगवते गं परत," मी म्हटलं. "दुसरी घे. मात्र हिच्याशी जुळली पाहिजे."

मी डोळे मिटले आणि दुसरी भुवई बोटांनी ताणून धरली.